टॉर्किलचा काळा कोट

"दोन तारा आहेत, टॉर्किल," मी पोस्टाच्या खिडकीतून म्हणाले. "एक उनाची, दुसरी तुझी."

त्याने आपली तिथेच फोडली, वाचली आणि खिशात कोंबली. "माझा रॉरी गेला. आणि उनाचा पोरगा?"

"यूअन जिवंत आहे. जर्मनांच्या कैदेत."

आमच्या खोऱ्यातली पोरं सैन्याच्या एकाच डिव्हिजनमध्ये जायची. मागच्या महायुद्धात टॉर्किल तिथे सैनिकांचे बूट शिवायचा. एकाच सकाळी निम्मं गाव तिथे कापलं गेलं, तरी या वेळी आपल्या आणि उनाच्या पोराला भरतीला त्यानेच नेलं. तेव्हापासून उना त्याच्याशी बोलत नव्हती. जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ती अख्खी डिव्हिजन शरण गेली. आता सरकार त्याच नावाची नवी उभारत होतं! पोस्टात बसून मला नुसती चीड यायची.

मरणाची बातमी आमच्याकडे चर्चमधला वडीलधारा नेतो, काळा कोट घालून. हे काम टॉर्किलचं. त्या दिवशी एका म्हातारीला माती देऊन तो तसाच कोटात आला होता.

"उनाकडे मी जाते," मी म्हणाले.

"नको. पोराला मी नेलं होतं."

दाराबाहेर पडलो तर चढावर उना फाटकाला धरून उभी. तिला कोट दिसला होता.

"मी पोहोचेपर्यंत मरेल ती," टॉर्किल पुटपुटला. त्याने कोट काढून माझ्या हातात दिला आणि जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस नुसत्या शर्टात भर रस्त्यात ओरडला, "जिवंत आहे गं! यूअन जिवंत आहे!"

उना धावत उतरली. त्याच्या छातीवर बुक्के मारत म्हणाली, "मेल्या, जीव घेतलास की रे माझा!" आणि त्याच्याच गळ्यात पडून रडली.

ओढ्यापलीकडून त्याची बायको इशबेल हे पाहत होती. तिला फक्त त्याचा शर्ट दिसला, काळा कोट नाही. पिठाच्या हातांनी ती पळत आली, हसत.

"आपलासुद्धा ना रे? आपला रॉरीसुद्धा?"

मला तिच्याकडे बघवेना. टॉर्किलने माझ्या हातातला कोट घेतला, पण हात काही बाहीत शिरेना.

इशबेलचं हसू गेलं. ती पुढे झाली, बाही धरली, त्याला कोट चढवला आणि एकेक बटण लावू लागली.

"नीट उभा राहा," ती म्हणाली. "लोक बघताहेत."