नव्या जीपवाल्यांना आवतण

मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वायपरखाली चिठ्ठ्या खोचत फिरणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस लोकांना कसा दिसतो, ते मला आता चांगलं ठाऊक आहे. बारामतीत गेल्या लग्नसराईत नवरदेवाच्या मामानं माझं मनगट धरलं आणि कसली स्कीम आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, स्कीम नाही, जीपवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला.

ग्रुपचं नाव 'जुनी जीप, बारामती-इंदापूर'. मी, दादासो, त्याचा ॲडमिन. सुरुवातीला एकशे बारा जण होतो, सगळे जुन्या डिझेल जीपवाले, आणि ग्रुपचा जीव होता रावजी तात्या. लोणी देवकरला त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज. आमची रीत अशी, की गाडीत काही खोट वाटली तर सकाळी गार इंजिन चालू करायचं, बोनेट उघडून फोन जवळ धरायचा आणि तो आवाज ग्रुपवर टाकायचा. तात्या ऐकणार आणि बोलूनच उत्तर पाठवणार. तिसरं नोजल काढ. टॅपेट सैल झालेत. माळेगावच्या एकाला तर म्हणाले, इंजिन बरं हाय, पंख्यापाशी उंदरानं घर केलंय ते बघ. त्यानं बघितलं, तर पिल्लंसुद्धा होती.

गेल्या दिवाळीत तात्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बजावलं, रोज बोलत राहिले तर वाचा सुधारेल, गप्प राहिले तर आहे तीही जाईल. बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. तात्यांनी त्यांच्यापुढं तोंडच उघडलं नाही. सत्तरीच्या माणसाला बाराखडी म्हणायला लावता काय, असा राग होता तो. पण ग्रुपवर आवाज आला की त्यांची बायको, म्हणजे आमच्या चंद्राबाई वहिनी, त्यांच्या तोंडापाशी फोन धरायच्या आणि तात्या अडखळत, लाळ पुसत, चार शब्दांना पाच मिनिटं लावून उत्तर द्यायचेच.

नेमके ह्याच वर्षी आवाज आटले. कुणी जीप भंगारात घातली, कुणी विकली, कुणी जीप ठेवून स्वतःच गेला. महिन्याकाठी एखादा आवाज यायला लागला. एक दिवस वहिनींचा फोन आला.

"भावजी, दिसभर फोनकडं बघत पडत्यात. काल पाणी मागितलं ते हातानं. तोंडानं न्हाय."

त्या दिवसापासून मी नव्या जीपवाल्यांच्या मागं लागलो. पेट्रोल पंपावर उभा राहिलो, डेअरीच्या फाटकाशी उभा राहिलो, लग्नं पालथी घातली. ग्रुपच्या नावातलं 'जुनी' काढून टाकलं. त्यावर जुन्यांपैकी नऊ जण रागानं बाहेर पडले, पण नवे अडतीस आले.

आणि इथं माझी खोड नडली. लोणी देवकरच्या एका कारखान्यात इंजिनिअर असलेल्या श्रेयानं पहिल्याच दिवशी आपल्या नव्या जीपचा फोटो टाकला. मी खाली लिहिलं, 'या, या. ह्या डब्यात इंजिन असतं का नुसती गाणी वाजतात?' जुन्यांनी हसून हसून ग्रुप भरून टाकला. आमच्याकडं नव्या माणसाची टिंगल करणं म्हणजे त्याला चहा विचारण्यासारखंच आहे. श्रेयानं एक हसरा चेहरा टाकला आणि पुन्हा काही लिहिलं नाही. बाकीच्यांनी चिखलातून गाडी काढतानाचे, गॉगल लावलेले व्हिडिओ टाकले, त्यावर ढोल-ताशे. आवाज कुणीच टाकला नाही.

शेवटी मी नव्यांपैकी माळेगावच्या युवराजच्या हातापाया पडलो. तो म्हणत होता, गाडीला काय झालंच न्हाय तर टाकू काय? तरी टाक, म्हटलं. त्यानं टाकला. तात्यांनी तो किती वेळा ऐकला कोण जाणे. संध्याकाळी उत्तर आलं.

"ह्यात... मला... काय... ऐकू... येईना."

ठणठणीत, सगळीकडून झाकलेल्या नव्या इंजिनात ऐकू येणार तरी काय? पण तात्यांना वाटलं, कानही गेले. त्यानंतर आठ दिवस त्यांनी शब्द काढला नाही. मदत करायला गेलो आणि मीच त्यांचं तोंड बंद करून बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. कुणीतरी पुन्हा गॉगलचा व्हिडिओ टाकला, आणि मी फोन तोंडाशी धरून तीन मिनिटं ग्रुपवर ओरडलो. तुमचे चेहरे बघायला तुम्हाला बोलावलेलं नाही. तिकडं एका माणसाची वाचा चाललीय, तुमचा आवाज हेच त्याचं औषध आहे, खोटा तर खोटा टाका, पण टाका. पाठवून दिलं आणि कुणी ऐकलं ते बघायला यादी उघडली. पहिलंच नाव रावजी तात्या.

मी तात्यांना विसरलो होतो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ते ग्रुपमध्येच आहेत हे मला सुचलं नव्हतं. निरोप पुसला, पण ऐकलेलं थोडंच पुसतं? जीप काढली आणि लोणी देवकर गाठलं.

तात्या उताणे पडले होते. मला बघितल्यावर त्यांचे ओठ बराच वेळ नुसते हलले.

"औषध... दित... व्हतास... व्हय?" मग दम घेऊन म्हणाले, "आधीचंबी... समदं... खोटं?"

"न्हाय तात्या," मी म्हटलं. "तुमी सांगितलेलं एकूण एक खरं निघालं. तुमच्या शब्दावर शंभर गाड्या चालल्या."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. वहिनींनी दुधाचा पेला पुढं केला, तोही नको म्हणून डाव्या हातानं सारला. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो आणि मला रडू फुटलं. लाजही वाटली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर श्रेयाचा निरोप होता. माझं ओरडणं ऐकून दयेपोटी काहीतरी टाकलं असेल म्हणून मी आधी लावायलाच तयार नव्हतो. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लावला.

"काका, माझ्या गाडीत चार महिने डाव्या बाजूनं खडखड येतेय. सर्व्हिसवाल्यांना तीनदा दाखवली, त्यांच्या कॉम्प्युटरला सापडत नाही. पहिल्या दिवशी तेच विचारायला आले होते, तुम्ही सगळे हसलात म्हणून गप्प बसले. मला कुणावर उपकार करायचे नाहीत, गाडी दुरुस्त करायचीय. कालव्याच्या रस्त्यावरचा आवाज टाकतेय. तात्यांना विचारून सांगा."

पाठोपाठ आवाज आला. खडी, टायर, आणि त्याच्या मागं कुठंतरी टक, टक, मधेच गायब, परत टक. मला त्यातलं काही कळलं नाही. तात्या भिंतीकडंच तोंड करून होते. आवाज संपला. वहिनी फोन ठेवायला लागल्या.

"परत... लाव."

वहिनींनी परत लावला. तात्यांनी मान वळवली, डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू आपटायला लागली, त्या टकटकीच्या आधी, जणू ती कधी येणार ते त्यांना कळत होतं. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा लावला. मी हुंदका दाबून बसलो होतो, तो दबेना.

तात्यांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दादासो, बाहीर जाऊन बस. तुझ्या नाकाचा आवाज मधी येतोय."

एका दमात बोलले, कुठंही न अडखळता. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी मुकाट्यानं उठलो, बाहेर गेलो आणि दार ओढून घेतलं.