दोन सेकंद थांबवणारी ओळ

मी एक ओळ बोलतेय. कवितेची नव्हे, तेवढं माझं नशीब कुठलं! तारनाक्याच्या एका ऑफिसातल्या प्रोग्रामची मी चारशे बारावी ओळ. संगणकाला मी एवढंच सांगते : दोन सेकंद थांब, मग पुढे जा.

आमचा प्रोग्राम रक्तपेढ्यांसाठी आहे. कुणाला रक्त हवं असलं की तो चाळीस पेढ्यांना एकेक करून विचारतो, या गटाची पिशवी आहे का? आणि दर पेढीपाशी मी त्याला अडवते.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी माझा जन्म झाला. प्रोग्राम सारखा बंद पडत होता आणि तो लिहिणारा रवी रडकुंडीला आला होता. सगळे उपाय थकले तेव्हा त्याने मला लिहिलं. नेमकं तेव्हाच ऑफिसच्या सफाईला येणाऱ्या मनकर्णाबाईंनी झाडता झाडता टेबलाखाली लोंबणारी वायर झाडूच्या दांड्याने आत सारली. प्रोग्राम सुरळीत चालू लागला.

"वायर ढिली झाली होती, साहेब. सारली आत," बाई म्हणाल्या. पण रवीच्या कानात गाणी होती. त्याने मलाच हात जोडले आणि माझ्या डोक्यावर लिहून ठेवलं : 'ही ओळ काढू नका. का, ते विचारू नका.' महिन्याभरात तो दुसऱ्या नोकरीवर गेला.

ही माणसं एवढी शिकलेली, पण शुक्रवारी नवं काही सुरू करत नाहीत. दसऱ्याला कीबोर्डला कुंकू लावतात. माझ्यापाशी आली की नजर चुकवून खाली सरकतात. सहा वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ कोण बसतं? फार एकटं वाटायचं मला.

गेल्या महिन्यात रेणुका नव्याने कामाला लागली. तिला नामपल्लीच्या पेढीतून फोन आला. "मॅडम, खिडकी पे लोगां खडे हैं. बच्ची का ऑपरेशन है. इत्ती देर कायकू लगती?"

तिने शोधलं. चाळीस पेढ्या, ऐंशी सेकंद. ती माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "तू काय करायलीस गं इथं?"

पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. मला डोळे असते तर भरून आले असते.

तिचे साहेब सुरेशराव धावत आले. "हात नको लावू बाई! चालायलंय ना? मग कायकू छेडायलीस?"

तरी तिने मला वगळून प्रोग्राम वीस वेळा चालवून पाहिला. कुठेच अडला नाही. आता मला पुसायचं तेवढं राहिलं होतं. तिचं बोट उचललं गेलं आणि तसंच राहिलं. मग तिने माझ्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. त्यांचा अर्थ असा, की ही ओळ असू दे, पण हिचं ऐकू नका. वर लिहिलं : 'गरज पडली तर परत चालू करा.'

नामपल्लीच्या खिडकीत आता पिशवी लवकर सापडते. याचा मला खरंच आनंद आहे. पण मी ना धड जिवंत, ना मेलेली.

पोरी, तू एवढी धीट निघालीस, आता पुसून टाक मला. माझ्यात काही जादू नव्हती. विश्वास बसत नसेल तर मनकर्णाबाईंना विचार. त्या रोज सकाळी येतात आणि जाताना टेबलाखाली वाकून वायर बघून जातात.