आमदारांच्या हयातीचा दाखला

तीस वर्षं आमदारकी केलेल्या माणसाला सकाळी सहा वाजता करायला काहीच नसावं, यासारखी शिक्षा नाही. निवडणूक हरून चार महिने झाले तरी दादा रोज आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा चढवून बैठकीत येऊन बसत. दार वाजलं की लगबगीनं उठत. दूधवाला असे.

"येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका," बायको वैतागून म्हणाली. "पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवाय, तो तरी घेऊन या."

"मी जिवंत आहे हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे!"

"जिल्ह्याला असेल. कागदाला नाही."

पूर्वी दादांची गाडी वळली की कचेरीतले साहेब धावत बाहेर यायचे. आज खिडकीतल्या कारकुनानं मानही वर केली नाही. "दोन साक्षीदार लागतील. प्रत्यक्ष हजर."

"हा कुठला नियम काढलात?"

"आम्ही कसला काढतोय? मागच्या विधानसभेत मंजूर झाला." आता त्यानं वर पाहिलं आणि जीभ चावली.

दादांना आठवलं. जेवणानंतरची वेळ, डोळ्यांवर झापड. पक्षाच्या प्रतोदानं खूण केली आणि यांनी 'होय' म्हटलं. मसुदा उघडलाही नव्हता. त्यांचे कान तापले. जुन्या सहायकाला तीनदा फोन लावला; त्यानं उचलला नाही.

"मी होते तुमची साक्षीदार," रांगेत मागे उभी असलेली म्हातारी म्हणाली. शिवणकाम करणारी असावी, पदराला सुई टोचलेली होती. "तुम्ही माझे व्हा. तिसरी खेप आहे माझी. काम बुडवून कोण येतंय साक्षीला?"

"मला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं! सहा वेळा मत दिलं. या वेळी नाही दिलं."

दादांना हसूही आलं आणि झोंबलंही. दुसरा साक्षीदार म्हणून झेरॉक्सवाला आला आणि दोघांचंही काम झालं. पण दाखला खिशात घालूनही दादांचा जीव थाऱ्यावर येईना. घरी न जाता ते थेट नव्या आमदाराकडे गेले, ज्यानं त्यांना पाडलं त्याच्याकडे. चांगला तासभर बाकावर बसले. त्यांना पाहून तो गडबडून उभाच राहिला.

"दादा, तुम्ही? निरोप तरी धाडायचा!"

"एक नियम मी न वाचता मंजूर केला. लोकांना फार छळतोय. तो काढून टाका, दुरुस्ती मी लिहून देतो."

"सभागृहात विचारतील, इतके दिवस दादा काय करत होते?"

"सांगा, झोपले होते."

पुढच्या अधिवेशनात साक्षीदारांची अट गेली. वर्तमानपत्रात नव्या आमदाराचा फोटो आला. बायकोनं बातमी दोनदा वाचली. "यात तुमचं नाव कुठंय हो?"

दादा तोवर चपला घालून दारात पोचले होते. "परिपत्रक खिडकीपर्यंत आलंय का ते बघून येतो," ते म्हणाले आणि तिचं पुढचं बोलणं ऐकायला थांबलेसुद्धा नाहीत.