फेब्रुवारीतली रोवणी

पुस्तक संपलं तेव्हा रितानं ते मिटलंही नाही. दिवाणावर उपडं टाकलं आणि म्हणाली, "आई, या लेखकानं माझ्या चार दुपारी खाल्ल्या."

तिच्या सासूबाई, गिरजाबाई, दारापाशी सूपभर लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. "काहून? कोणं मारलं ते सापडलं नाई का?"

"सापडलं ना. तेच तर!"

रिताचा एक हात झोपलेल्या टीनाच्या पायावर होता. गेल्या तीन आठवड्यांत तो तिथून फारसा हललाच नव्हता. दोन वर्षांची पोर नुसती कुशीवर वळली तरी ती दचकायची, शाळेतली नोकरीसुद्धा तिनं सोडून दिली होती. म्हणूनच नवऱ्यानं, राजकुमारनं, लाखनीच्या बसस्टँडवरून हे पुस्तक आणलं होतं. "खुनाची गोष्ट आहे, आपल्याच भागातली. तेवढंच डोकं दुसरीकडं लागन," म्हणाला होता.

राईस मिलच्या मालकाचा खून आणि सहा जणांवर संशय. चाळिसाव्या पानावर मिलच्या मागं एक किल्ली सापडते. रितानं ती शेवटपर्यंत लक्षात ठेवली, लेखक मात्र विसरून गेला. मालकाच्या भावाच्या बुटाला राख लागलेली असते, तिचंही पुढं कोणी नाव काढत नाही. मधली शंभर पानं डिटेक्टिव्ह चहा पीत खिडकीबाहेर बघत बसतो. एवढं सगळं तिनं सोसलं होतं. पण शेवट वाचून तिच्या डोक्यात सणकच गेली.

"कैलाश नावाचा एक मजूर आहे त्यात," ती सांगू लागली. "तो म्हणतो, खून झाला तेव्हा मी रोवणीवर होतो. तर हा डिटेक्टिव्ह सगळ्यांसमोर हसतो आणि म्हणतो, फेब्रुवारीत रोवणी? धान पावसाळ्यात रोवतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तू खोटं बोलतोस! बस, तेवढ्यावर बेड्या. पुस्तक खतम."

गिरजाबाईंचा हात थांबला. "अन् उन्हाळी धान?"

"तेच म्हणते मी!" रितानं दाराबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडं बोअरच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली भातशेताची बांधी होती. धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, जुड्या हातात घेऊन दहाबारा बाया ओळीनं वाकल्या होत्या. "हे काय आहे मग? अर्ध्या जिल्ह्यात आत्ता हेच चालू असेल. त्या लेखकानं एकदा आपल्या ओट्यावर येऊन उभं राहावं फक्त. साडेतीनशे पानांत एकाचाही पाय चिखलात पडत नाही, आई. कैलाश खरंच होता का म्हणून बांधीवर जाऊन विचारावं, तर तेही नाही. त्याच्या बाजूला रोवणाऱ्या बाया होत्या ना, त्यांना विचारा! पण नाही. यांना आधीच सगळं माहीत. शिकलेले ना!"

पुस्तकातल्या माणसासाठी आपल्याला एवढं का लागावं, हे तिलाही कळेना.

गिरजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "रिता, एक बोलू का? राग नको मानू."

"बोला ना."

"बांधीत पाणी हाय म्हणून रोवणी हाय. मंग पाणी हाय तं जळूबी असन का नाई?"

रिताचा टीनाच्या पायावरचा हात तिथंच राहिला.

त्याच पोटरीवर, हाताखाली, एक काळपट डाग होता. तीन आठवड्यांपूर्वी ती शाळेतून आली तेव्हा तो लालभडक होता, वाटाण्याएवढा गोल. टीनाला सांभाळायला गावातल्या तुळसाबाई यायच्या. त्या दिवशी त्या पोरीला घेऊन न विचारता बांधीवर गेल्या होत्या, त्यांची सून तिथं रोवणीला होती म्हणून. "बाई, जळू लागली व्हती," त्या सांगत होत्या. "मी तंबाकू चोळून सोडवली."

रितानं पोरीचा पाय नाकाशी नेला होता. तंबाखूचा वास. तुळसाबाई संध्याकाळी घरी बिड्या वळतात, हे तिला माहीत होतं. गोल डाग, तंबाखूचा वास, न विचारता बाहेर नेणं. तिचा हिशेब तिथंच लागला.

"जानेवारीत जळू?" ती म्हणाली होती. "जळवा पावसाळ्यात असतात. मी बीएस्सी केलंय, मला नका शिकवू. बिडीचा चटका दिला तुम्ही माझ्या लेकीला."

तुळसाबाई खुंटीवरची पिशवी घेऊन निघून गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी रितानं शेजारच्या आनंदाबाईंना सगळं सांगितलं. आनंदाबाईंचा नातूही तुळसाबाईंकडंच असायचा. दुसऱ्या दिवसापासून तिथलंही काम सुटलं.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" रितानं विचारलं.

"बोलली व्हती. तू म्हणली, आई, तुमाले यातलं नाई समजत."

रिता उठली. कपाटाच्या वरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत टीनाचा त्या दिवशीचा फ्रॉक होता. पुरावा म्हणून तिनं तो धुतला नव्हता, पोलिसांत जावं लागलं तर दाखवायला. तिनं तो उजेडात धरला. खालच्या काठाला तळहाताएवढा तपकिरी डाग होता. रक्त बरंच वाहिलं असणार.

चटक्यानं फोड येतो. एवढं रक्त येत नाही. हे तिला त्या दिवशीही माहीत होतं. फ्रॉक तिनं स्वतःच्या हातानं घडी करून ठेवला होता.

रिता फ्रॉक घेऊन दाराशी आली. बांधी शंभर पावलांवर होती. तुळसाबाईंची सून तेव्हा तिथं होती, बाकीच्या बायाही होत्या. एकीलाही तिनं विचारलं नव्हतं.

टीना उठून बसली होती. रितानं तिला कडेवर घेतलं आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं चालली?" गिरजाबाईंनी विचारलं.

"विचारायला. तीन आठवडे उशिरा."

बांधीच्या कडेच्या उंच धुऱ्यावर ती येऊन उभी राहिली तसं बायांचं बोलणं बंद पडलं. तुळसाबाई ओळीत तिसऱ्या होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिखलात. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा रोवायला लागल्या.

"आता का राहिलं, बाई?" एक तरुण बाई उभी राहिली. ती त्यांची सून होती, रुखमा. "आमच्या आत्याबाईंले आणखी कोणता आळ लावाचा बाकी हाय?"

"रुखमा, त्या दिवशी तू इथं होतीस ना?"

"व्हती ना. जळू मीच फेकली त्या पाटात. एवढी फुगली व्हती." तिनं चिखलाचं बोट दाखवलं. "तुमी तवा इचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं."

रितानं टीनाला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुळसाबाई, मी चुकले. तुम्ही खरं बोलत होतात. मी खोटा आळ घेतला तुमच्यावर."

तुळसाबाईंनी हातातली जुडी पूर्ण रोवली, मग कमरेवर हात ठेवून सावकाश ताठ झाल्या.

"लेकराले न इचारता आणलं, ते माहं चुकलं," त्या म्हणाल्या. "पण बिडीचा चटका? दोन वर्साच्या पोरीले? मी तिले सव्वा वर्स मांडीवर निजवलं, बाई. लोकं आता माह्या हातात लेकरू देत नाई."

"उद्यापासून येता का?"

"पयले आनंदाबाईकडं जाऊन या. जेवढ्या जोरानं तिथं बोलल्या व्हत्या तेवढ्याच जोरानं हेबी सांगा. मंग पाहू."

टीनानं त्यांना ओळखलं होतं. "तुया!" करत ती आईच्या कडेवरून खाली झेपावली, तसा रिताचा पाय धुऱ्यावरून घसरून पाण्याच्या कडेला गेला.

"मागं सरका!" तुळसाबाई ओरडल्या. "पाण्यात जळवा हायेत, लेकराले वर धरा."

रिता मागं सरकली. टीनाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि धुऱ्या-धुऱ्यानं आनंदाबाईंच्या घराकडं चालू लागली. खांद्यावरून टीना हाका मारत होती, "तुया, तुया," आणि बांधीतून कोणी ओ देत नव्हतं.