पानावरचे डोळे

रेश्मानं वर्षभर नवऱ्याला फसवलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फसवलं म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी सात वाजता सयाजीचा सीमेवरून व्हिडिओ कॉल यायचा आणि त्यांची मुलगी अपेक्षा पुस्तक धरून त्याला धडा वाचून दाखवायची. घडाघडा, काना-मात्रा न चुकता. सयाजी सैन्यात हवालदार. तिकडं युनिटातल्या पोरांना गोळा करून ऐकवायचा. आणि इकडं वडूजजवळच्या घरात रेश्माला पक्कं ठाऊक, की पोरीला त्यातली एक ओळसुद्धा धड वाचता येत नाही.

पोर ढ होती म्हणता? अजिबात नाही. एका दुपारी घेवडा सोलता सोलता रेश्मा तिचा धडा मोठ्यानं वाचत होती, तर सूप रिकामं होईतो अपेक्षानं अख्खा धडा परत म्हणून दाखवला. वर आईलाच दोन प्रश्न विचारले. हात कामात आणि कान मोकळे असले की पोरीच्या डोक्यात सगळं जाऊन बसायचं. पानावर मात्र अक्षरं जागची हलायची, असं ती स्वतःच सांगायची.

रेश्मानं हे सयाजीला फोनवर सांगून बघितलं होतं. "लाड करू नगंस," एवढंच तो म्हणाला. गेल्या सुट्टीत तर त्यानं जत्रेला आलेल्या पाहुण्यांसमोर पोरीला वाचायला बसवलं आणि ती अडखळल्यावर म्हणाला, "म्हशीचं डोकं हाय हिचं." पोर दोन दिवस धड जेवली नाही. तेव्हापासून रेश्मानं हे नाटक मांडलं. दुपारी धडा तीनदा वाचून दाखवायचा, संध्याकाळी पोरीनं फोनसमोर पुस्तक धरायचं. सयाजीला दिसायचं ते फक्त पुस्तकाचं कव्हर.

यंदा तो सुट्टीवर आला आणि पहिल्याच संध्याकाळी पोरीला शेजारी घेऊन बसला. अपेक्षानं सुरुवात केली. चार ओळी झाल्या असतील-नसतील, त्यानं पुस्तकावर हात ठेवला.

"हिला वाचता येत न्हाई," तो रेश्माला म्हणाला. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "दोघींनी मला येड्यात काढलं. वरीसभर."

चूक रेश्माची होतीच, ती कुठं नाही म्हणत होती? पाया पडून माफीही मागितली असती. पण सयाजी पोरीकडं वळून बोलतच राहिला.

"डोळं एकाच जागी रोवून बसलीस. ओळीसंगं फिरवायला पायजेत. आन् सलग म्हनायचं नसतं, मधी एकदा अडकायचं, मागं जायाचं. खरा वाचनारा अडकतो. तसं केलं की कोन वळखत न्हाई."

रेश्मा बघतच राहिली. वर्षभर तिनं हे नाटक बसवलं, पण असल्या खाचाखोचा तिलाही सुचल्या नव्हत्या. ह्याला कुठून ठाऊक?

ती उठली आणि फळीवरून एक कागद घेऊन आली. शाळेतल्या शालूबाईंनी दिलेला फॉर्म होता. साताऱ्यात वाचायला अशी अडचण येणाऱ्या मुलांची तपासणी व्हायची. दाखला मिळाला तर पाचवीच्या परीक्षेत अपेक्षाला प्रश्न कुणीतरी वाचून दाखवणार होतं, उत्तरं तोंडी देता येणार होती. नाही मिळाला तर पोर त्याच वर्गात बसणार.

"हे वाचा," रेश्मा म्हणाली.

"दे, सही करतो."

"आधी वाचा."

"चष्मा बॅगेत हाय."

"आवं, डोळ्यावर हाय."

सयाजीनं कागद घेतला. ओळीखाली बोट धरलं. दोन शब्द निघाले, तिसऱ्याला गाडी रुतली. कपाळावर घाम आला. बोट तिथंच राहिलं.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत ह्या माणसानं तिला एक अक्षर लिहून पाठवलं नव्हतं. "लिवलेलं कोरडं वाटतं गं, माझा आवाज ऐक," म्हणायचा आणि मोबाइलवर बोलून पाठवायचा. ही बावळट ते सगळं जपून ठेवायची, जावांना ऐकवून मिरवायची. तिला रडू आलं नाही, संताप आला. प्रेम म्हणून जे उराशी धरलं, ते ह्याचं लपायचं ठिकाण निघालं.

तरी तेही तिनं गिळलं असतं.

"पोरीला म्हशीचं डोकं म्हनला," ती म्हणाली. "तिला काय हुतंय ते तुमाला ठावं व्हतं."

"आमच्या आबांनी मला चामड्याच्या वादीनं फोडलंय. मला वाटलं, धाकानं जाईल तिचं."

"तुमचं गेलं?"

सयाजीनं कागदावरचं बोट काढून घेतलं. अपेक्षा मात्र सरकत सरकत त्याच्या गुडघ्याशी आली. तिच्या तोंडावर वर्षभरात दिसला नव्हता असा आनंद होता.

"पप्पा, तुमची बी अक्षरं हलत्यात?"

"न्हाई गं," सयाजी म्हणाला. "चष्म्याचा नंबर बदललाय."

पोर जागच्या जागी मिटली. रेश्मानं कागद ओढून घेतला, पेन काढलं आणि एकेक रकाना भरत गेली. शेवटचा प्रश्न होता, कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास आहे का?

"न्हाई म्हून लिव," तो हळूच म्हणाला. "शालूबाई गावातल्याच. युनिटात कळलं तर तोंड कुठं दावू?"

रेश्मानं पोरीकडं बघितलं. अपेक्षा खाली मान घालून ऐकत होती. आणि एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नाही, हे रेश्माइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं लिहिलं, "होय, वडिलांना." मग रोज दुपारी पोरीला वाचून दाखवायची तसं मोठ्यानं वाचलं, तीनदा. आणि पेन सयाजीपुढं ठेवलं.