हेटी लॉरिमरचा उजवा बूट

मी एक बूट बोलतोय. उजव्या पायाचा, आणि बाईचा. हे 'बाईचा' मुद्दाम सांगतोय, कारण वॉटफर्डच्या एका छोट्या संग्रहालयात अकरा वर्षं माझ्यापुढे पाटी होती, 'नायिकेऐवजी उड्या मारणाऱ्या पुरुषाचे बूट'. ती वाचून माझं कातडं जळायचं!

अहो, माझ्यात पाय होता तो हेटी लॉरिमरचा. अमेरिकेत मूकपट नुकते बाळसं धरत होते, तेव्हा न्यू जर्सीतल्या एका मोच्यानं तिच्या पायाचं माप घेऊन आम्हा दोघा भावांना शिवलं. दर आठवड्याला तिच्या चित्रपटाचा एक भाग यायचा आणि दर भागात ती कशावरून तरी उडी मारायची.

एकदा निर्माता म्हणाला, "पुलावरून मालगाडीवर उडी आहे. एखाद्या पुरुषाला विग घालून उभा करू."

"उडी माझ्या पात्राची आहे," हेटी म्हणाली. "मीच मारणार."

मारली. डब्याच्या कडेवर आधी मी आदळलो, मग ती. नडगी मोडली आणि हाड जुळलं ते आखूड. मोच्यानं माझ्या आत, टाचेखाली, बुचाची जाड चकती बसवली. वर्षभरानं ती पुन्हा त्याच पुलावर उभी राहिली. पडद्यावर दिसते ती ही दुसरी उडी.

तिशी उलटली तशी तिची कामं आटली. एका नाटक मंडळीबरोबर ती इंग्लंडला आली. मंडळी मोडली आणि हेटी वॉटफर्डच्या सिनेमाघरात तिकिटं विकायला बसली. तिथेच तिनं निर्मात्याचं आत्मचरित्र वाचलं. 'नाजूक बाईचा जीव मी कधीच धोक्यात घातला नाही. त्या उड्या एका पुरुषाच्या,' असं छापलं होतं. खोटारडा मेला! तिनं त्याला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. ती गेल्यावर घरमालकिणीनं आम्हाला लॉफ्टमध्ये टाकलं, आणि कैक वर्षांनी घर विकताना तिच्या त्या पुस्तकासकट आम्ही संग्रहालयात आलो. ग्रेगरी नावाच्या तिथल्या प्रमुखानं ते पुस्तक उघडलं आणि त्यातली थाप जशीच्या तशी पाटीवर उतरवली.

गेल्या वर्षी मधुमती आपटे आल्या. पुण्याहून येऊन इकडच्या हॉस्पिटलांत हाडांच्या डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काढलेल्या. रिटायर झाल्यावर जवळच्या हॅरोहून दर शनिवारी स्वयंसेविका म्हणून आम्हाला पुसायला येत. मँचेस्टरला शिकणारी, मोडकंतोडकं मराठी बोलणारी त्यांची नात ईशिता एकदा सोबत होती. मला बघून ती म्हणाली, "आजी, ही बूट किती छोटी आहे! यात पुरुषाची पाय कशी जाईल?"

मधुमतीबाईंनी माझ्यात हात घातला. बोटं चकतीवर थांबली.

"ईशिता, हा पाय मोडून आखूड झालेला होता गं."

त्या आठवड्यात दोघींनी तो जुना चित्रपट शोधून काढला. उडी लांबून घेतलेली, चेहरा ओळखू येत नाही. पण उडीनंतर डब्यावरून धावणारं माणूस उजव्या पायानं किंचित लंगडतं. पुढच्या बागेतल्या दृश्यात हेटी जवळून चालते, तीही तशीच लंगडते.

पुढच्या शनिवारी त्यांनी ग्रेगरीला ते दाखवलं. "तुम्ही हा चित्रपट पाहिला होता?"

"नाही. पुस्तक वाचलं होतं."

अकरा वर्षं! आणि पाहिला नव्हता!

महिन्याभरानं नवी पाटी लागली, 'कदाचित अभिनेत्री हेटी लॉरिमर यांनी वापरलेले बूट'.

"कदाचित?" मधुमतीबाईंचा आवाज चढला. "चाल बघून कुठलं हाड मोडलंय ते सांगण्यात माझा जन्म गेला, ग्रेगरी."

"कमिटीला काळजी घ्यावी लागते, डॉक्टर."

"निर्मात्याच्या पुस्तकावर विश्वास टाकताना कुठे होती ही काळजी?"

ग्रेगरी आपल्या खोलीकडे वळला. पाटी मात्र तशीच राहिली.

आता दर शनिवारी मधुमतीबाई फडकं बाजूला ठेवून माझ्याशेजारी उभ्या राहतात. येईल त्याला फोनवर आधी पुलावरची उडी दाखवतात, मग बाग. परवा एक म्हातारे गृहस्थ दोन्ही दृश्यं चार वेळा बघून पाटीकडे वळले आणि तडक ग्रेगरीच्या खोलीत शिरले. दार बंद होतं, तरी त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

तुम्हीही या. दोन्ही दृश्यं बघा, मग त्या 'कदाचित'वर बोट ठेवून मोठ्यानं विचारा, "शंका कुणाला आहे?"