ठिणगीवर मतदान

चिंचखडकच्या दूध संस्थेकडे त्या साली सगळं काही होतं, फक्त दूध नव्हतं. इमारत होती, इमारतीवर पाटी होती, सात संचालक होते, त्या सातांमध्ये दोन पॅनल होते आणि एक पांढरी जुनी मोटार होती. सलग तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, तशी गावची जनावरं छावणीत गेली आणि संस्थेच्या कॅनमध्ये कोळ्यांनी जाळी केली. गावात उरली ती मालनबाईची एकुलती एक म्हैस. ती रोज सकाळी तांब्याभर दूध देई, तेवढंच संस्थेचं संकलन. त्या दुधाचा चेअरमन सुंदररावांच्या केबिनमध्ये चहा होई आणि तो पिऊन संचालक मंडळ दुग्धविकासावर चर्चा करी.

मालनबाई स्वतःही संचालक होती, महिला राखीव जागेवरची. पण तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवत. बाजारच्या दिवशी संचालकांना युसूफ वडगाव या बाजारगावाला मोटारीतून न्यायची पद्धत होती. मालनबाईची वेळ आली की मात्र गाडीत नेमकी जागा नसे. कधी सुंदररावांची बॅग मागच्या सीटवर बसलेली असे, कधी त्यांचा मेव्हणा. मग ती पायी निघे आणि मोटार तिच्या अंगावर धुरळा उडवून पुढं जाई.

ती मोटार चालवायला जालिंदर होता. मोटार चालवण्यापलीकडं त्याला मोटारीतलं काहीही कळत नव्हतं, आणि ते तो कबूलही करी. पण नोकरीवर त्याचा जीव होता. ड्रायव्हर व्हायच्या आधी तो आणि त्याची बायको शिवकन्या दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जात. मोळ्या वाहून त्याचा खांदा कायमचा दुखावला होता. आता पोरगी गावातल्याच शाळेत बसत होती, शिवकन्येनं दारात तुळस लावली होती. मोटार गेली तर ड्रायव्हर गेला, आणि ड्रायव्हर गेला की पुन्हा कोयता. एवढं साधं गणित होतं, त्यामुळं गाडीनं जरा खोकलं तरी जालिंदर बॉनेटवर हात ठेवून देवाचं नाव घेई.

दुष्काळ असो की काही असो, गाडी रोज धुतली पाहिजे, असा सुंदररावांचा हुकूम होता. टँकर आला की पहिली बादली मोटारीला. जालिंदर ओल्या फडक्यानं गाडी पुसून काढी आणि ती बादली गुपचूप मालनबाईच्या म्हशीपुढं नेऊन ठेवी. म्हैस छावणीत गेली नाही ती त्या बादलीमुळं. गाडीही चकचकीत दिसे, म्हैसही जगे, चेअरमनसाहेबही खूश. असा सगळा कारभार सुरळीत चालला होता.

आणि एका सोमवारी, ऐन बाजारच्या दिवशी, मोटार चालू होईना.

जालिंदरनं स्टार्टर मारून मारून बॅटरी संपत आणली. मग समोरून हँडल घालून फिरवलं. इंजिन नुसतं कण्हल्यासारखं करी आणि गप्प होई. केजच्या सटवा मिस्त्रीला निरोप गेला. सटवा पुतणीच्या लग्नात अडकलेला. त्यानं उलटा निरोप धाडला, "आधी ठिणगी बघा. कॉईलची जाड वायर काढा, तिचं टोक पत्र्यापाशी धरा, स्विच चालू ठिवा आन् हँडल मारा. ठिणगी पडली तर पेट्रोलात खोट हाय. न्हाई पडली तर विजेत."

निरोप सरळ होता. पण गावात दोन पॅनल असल्यावर सरळ निरोपाचं काय होतं ते सांगायला नको.

पेट्रोलात खोट म्हणजे जालिंदर आला. गाडीत तेल तोच भरून आणायचा. तो पेट्रोल विकून घासलेट मिसळतो, अशी कुजबुज सुंदररावांच्या माणसांनी दुपारपर्यंत गावभर करून टाकली. विजेत खोट म्हणजे सुंदररावांचा मेव्हणा आला. मागच्याच महिन्यात त्यानं बीडहून नवी कोरी म्हणून ही ठिणगी पाडणारी कॉईल आणून संस्थेला दिली होती, आणि ती आपल्यापेक्षा वयानं मोठी आहे असं विरोधी पॅनलचे माणिकराव उघड म्हणत. त्यामुळं ठिणगी आहे की नाही हा प्रश्न मोटारीचा उरला नाही, तो राजकारणाचा झाला. सुंदररावांनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच, मोटारीतील ठिणगी.

सभा गाडीभोवती उभ्यानं भरली. भर उन्हात ठिणगी दिसेना, म्हणून बॉनेटवर घोंगडी टाकली आणि संचालकांनी जोडीजोडीनं घोंगडीखाली डोकी घातली. जालिंदर समोरून हँडल फिरवत होता. सुंदररावांचे रामकिसन आणि धोंडीराम घामानं निथळत बाहेर आले.

"दिसली का?" सुंदररावांनी विचारलं.

"दिसली म्हंजे? निळीशार!" रामकिसन म्हणाला.

"मला तर दोन दिसल्या," धोंडीराम म्हणाला.

मग माणिकराव आणि त्यांचे दोघे डोकी घालून आले. "आतमंदी नुसता अंदार हाय," माणिकराव म्हणाले. "ठिणगी न्हाई, ठिणगीचा बाप न्हाई."

शेवटी सुंदररावांनी एकट्यानं डोकं घातलं आणि त्यांनाही दिसली. तिघांना दिसली, तिघांना नाही. सातवी मालनबाई घोंगडीच्या सावलीला बसली होती. तिला बघायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाई आपल्यातच हाय," सुंदरराव म्हणाले. "लिहा, चार विरुद्ध तीन."

जालिंदरच्या डोळ्यांपुढं कोयता आला, खांदा आला, शाळेतून काढलेली पोरगी आली. आयुष्यात तो कधी सभेत बोलला नव्हता. पण भीती माणसाला काहीही बोलायला लावते. तो हँडल हातात धरून ओरडला, "सायेब, ठिणगी हाय म्हन्ता ना? मंग वायर हातात धरा! मी हँडल मारतो. करंट असला तर बसंल, नसला तर न्हाई. त्याच्यात मत कशाला पायजे?"

माणिकरावांनी टाळी वाजवली. गाव जमलेलं होतं, सुंदररावांना नाही म्हणता येईना. त्यांनी रामकिसनकडं नुसतं बघितलं.

रामकिसननं वायरचं उघडं टोक चिमटीत धरलं. जालिंदरनं हँडल फिरवलं. काहीच झालं नाही. रामकिसन क्षणभर गोंधळला, मग चेअरमनचा चेहरा बघून एकदम "आयायाया!" करत उडाला. त्याच्यामागून धोंडीराम. त्यानं जास्त कला दाखवली, वायर धरताच डोळे पांढरे केले आणि सरळ मातीत आडवा झाला. बायकांनी कांदा आणला. धोंडीरामनं कांदा हुंगला, मग खाल्ला.

आता कार्यकर्त्यांपेक्षा चेअरमनला कमी करंट बसून कसं चालेल? सुंदररावांनी टोपी नीट केली, वायर धरली आणि हँडल पुरतं फिरायच्या आत अशी काही बोंब ठोकली, की छावणीतल्या जनावरांनी कान टवकारले असतील. त्यांनी एक उडी उजवीकडं मारली, एक डावीकडं, आणि तिसऱ्या उडीला तोल जाऊन बॉनेटच्या आत कोलमडले. त्यांचं कोपर कॉईलवर दाणकन आपटलं. दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं.

"बसला का न्हाई करंट?" ते धापा टाकत म्हणाले. "आता तुमी धरा, माणिकराव. तुमच्या मतानं ठिणगी न्हाई ना?"

इथं घोळ झाला. डोळ्यांदेखत तीन माणसं उडाल्यावर माणिकरावांच्या मनात आलं, न जाणो, खरंच असला तर? त्यांच्या दोघांनी तर आधीच दोन पावलं मागं घेतली होती. माणिकरावांनी घसा खाकरला. "आमी कशाला? आमचं मत आमी दिलंय," ते म्हणाले. "मालनबाईंनी धरावं. महिलांना कुटंतरी पुढं आनलं पायजे का न्हाई?"

महिलांना पुढं आणण्यावर दोन्ही पॅनलचं तत्काळ एकमत झालं.

मालनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. अनवाणीच होती. तिनं पदर खोचला, एक हात मडगार्डवर टेकला आणि दुसऱ्या हातात वायरचं टोक धरलं. बाकी सगळे लांब सरकले. जवळ फक्त जालिंदर उरला, हँडलवर वाकलेला.

त्यानं हँडल फिरवलं आणि बॉनेटच्या सावलीत, मालनबाईच्या बोटापाशी, त्याला एक बारीक निळी रेघ दिसली. चट् असा आवाज झाला. तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

जालिंदरनं हँडल तिथंच थांबवलं. सुंदररावांच्या कोपरानं काय केलं होतं देव जाणे, पण ठिणगी आली होती. खरीखुरी. आणि ती त्याच्याच हँडलनं मालनबाईच्या अंगात गेली होती.

तिनं खालचा ओठ दातांत धरला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं. पण हात हलला नव्हता.

"बाई, नीट धरा!" सुंदरराव लांबून ओरडले. वायर मेलेली आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा ते डोळ्यांनी तिला उडी मारायची खूण करत होते. "लागतं का न्हाई? घाबरू नका, लागलं तर बिनधास्त वरडा!"

"न्हाई लागत," मालनबाई म्हणाली. आवाज जरासा चिरका आला, इतकंच.

"न्हाई कसं? जालिंदर, आजून मार हँडल!"

जालिंदरला वाटलं, हँडल टाकून द्यावं आणि सांगून टाकावं, आहे बाबा ठिणगी, घ्या माझी नोकरी. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात मालनबाई त्याच्याकडं बघून खालच्या आवाजात म्हणाली, "फिरीव की रं. बसलास काय?"

त्यानं फिरवलं. चट्. बांगड्या वाजल्या. सुंदरराव म्हणाले, "आजून." त्यानं पुन्हा फिरवलं. होईल तितक्या हळू फिरवलं, पण ठिणगीला हळू आणि जोरात कळत नाही. स्वतःच्या हातांचा त्याला जन्मात इतका राग आला नव्हता. मालनबाईच्या कपाळावरचे केस उभे राहायला लागले तेव्हा कुठं माणिकरावांनी हात वर केला.

"बास! तिघा बाप्यांना करंट बसतो आन् बाईला कावून बसत न्हाई? लिहा, ठिणगी न्हाई. चार विरुद्ध तीन."

ठराव झाला. ठिणगी नाही, कॉईल मेव्हण्याला परत, ड्रायव्हर निर्दोष, गाडी केजला सटवाकडं न्यावी. न्यायची कशी, तर ढकलत. बैल छावणीत होते आणि गावातला ट्रॅक्टर पाण्याच्या टाकीला जुंपलेला होता. शिवेपर्यंत चढ, पुढं सगळा उतार, तेव्हा शिवेपर्यंत संचालकांनी श्रमदान करावं असंही माणिकरावांनी ठरावात घुसडून दिलं.

जालिंदर जाड वायर जागेवर लावत होता. तेव्हाच त्याला दिसलं, स्विचकडून कॉईलला येणारी बारीक वायर ढिल्या नटात लोंबत असणार, ती कोपराच्या दणक्यानं आत जाऊन घट्ट बसली होती. एवढीच खोट. ना पेट्रोल, ना कॉईल. आता हँडलचा एक झटका दिला असता तर गाडी सगळ्यांदेखत सुरू झाली असती, आणि मालनबाई सगळ्यांदेखत खोटी पडली असती. त्यानं स्विच बंद केला, किल्ली खिशात घातली आणि बॉनेट लावलं.

"मी गाडीत बसते," मालनबाई म्हणाली. "माजे पाय चालंनात."

"बाई, आदीच ढकलायचीय," सुंदरराव कुरकुरले.

"संचालक हाय मी," ती म्हणाली, आणि मागचं दार उघडून बसली.

मग चिंचखडकनं ते दृश्य पाहिलं. पुढं स्टेअरिंगवर जालिंदर, मागच्या सीटवर मालनबाई, आणि गाडीला दोन्ही पॅनलचे खांदे. सुंदररावांचं धोतर सुटत होतं, माणिकराव "जोर लावा" म्हणत होते आणि स्वतः लावत नव्हते. पोरं मागून नाचत निघाली होती. मालनबाई ना डावीकडं बघत होती ना उजवीकडं.

शिवेवर गाडी उताराला लागली आणि माणसं मागं राहिली. जालिंदरनं मान वळवली.

"लई लागलं का, मावशी?"

तिनं पदराआडून हात काढून दाखवला. बोटाच्या टोकाला काळा ठिपका पडला होता. "लागलं की. दातं हालली माजी."

"मंग कावून धरून ऱ्हायलात?"

"सोडली असती तर तू कोयता घिऊन गेला असतास. मंग बादली कुनी आनली असती रं?"

जालिंदरला हसू आलं आणि भरूनही आलं. त्यानं वळणापर्यंत दम धरला, किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि क्लच सोडला. मोटारीनं एक आचका दिला आणि ती घुर्र करून चालू झाली.

वर शिवेवर तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला, हे त्याला नंतर धोंडीरामनं सांगितलं. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. वायर हातात धरलेली असल्यानं ती मेलेली आहे याची सुंदररावांना पक्की खात्री होती. ते म्हणाले, "येष्टी असंल." त्या रस्त्याला त्या वेळेला एसटी नव्हती. पण ठराव आपल्या बाजूनं झालेला, तेव्हा माणिकरावही घाईघाईनं म्हणाले, "व्हय, येष्टीच." त्या संस्थेत दुसऱ्यांदा एकमत झालं, तेही एकाच दिवशी.

खाली गाडी केजच्या वाटेवरल्या वडगावच्या बाजारापाशी आली. मालनबाईनं काच खाली केली, पदर सावरला आणि ताठ बसली.

"हळू घे जालिंदर," ती म्हणाली. "कुनीतरी वळखीचं दिसू दे."